पुरुषांची प्रजननक्षमता : जस्त हवे, पण बेतानेच

मूल होण्यास विलंब झाला की अनेक घरांत तपासण्या स्त्रीच्याच होतात. पुरुष मात्र दुकानातून जस्ताच्या गोळ्या आणून समाधान मानतो. जस्ताचा प्रजननक्षमतेशी संबंध आहे, पण तो इतका सरळ नाही.

शुक्राणूंची निर्मिती आणि त्यांतील जनुकीय द्रव्याचे स्थैर्य यांसाठी जस्त आवश्यक असते. डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६१ मध्ये इराणमधील वाढ खुंटलेल्या, लैंगिक विकास न झालेल्या तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे त्या अवस्थेमागे जस्ताची कमतरता असल्याचे स्पष्ट होत गेले.

मात्र कमतरता घातक म्हणून जादा मात्रा उपकारक, असे होत नाही. अमेरिकेत २,३७० जोडप्यांतील पुरुषांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम जस्त व फॉलिक आम्ल किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या पूरकांमुळे वीर्याची गुणवत्ता सुधारली नाही, अपत्यजन्माचे प्रमाणही वाढले नाही. पोटाच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या. दीर्घकाळ अतिरिक्त जस्त घेतल्यास तांब्याचे शोषण घटून रक्तक्षय व मज्जातंतूंचे विकार संभवतात.

जस्त केवळ आहारातून शरीरात जात नाही. वडोदऱ्यातील मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतींत किंवा आपल्या वेर्णा, कुंडईत, जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे वेल्डिंग करताना जस्ताच्या ऑक्साइडचा धूर निघतो. तो श्वासावाटे गेल्यास काही तासांनी थंडी-ताप येतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. या कामातील धुरात अन्य धातूही असू शकतात. शिवाय अतिउष्णता शुक्राणूंना मारक ठरते. त्यामुळे अशा कामगाराच्या वीर्यदोषाचे खापर एकट्या जस्तावर फोडता येत नाही. धूर बाहेर खेचणारी यंत्रणा व योग्य मुखावरण हाच त्यावरील खरा उपाय.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषास दिवसाला १७ मिलिग्रॅम जस्त पुरेसे असते. ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. कालवे, मांस, कडधान्ये, तीळ व भोपळ्याच्या बिया यांतून ते मिळते. कडधान्ये भिजवून मोड आणल्यास त्यांतील जस्त अधिक शोषले जाते.

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा होत नसेल, तर वीर्यतपासणी हीच पहिली पायरी. तीत संकोच करण्यासारखे काही नाही. गोळ्यांच्या भरवशावर गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत.