पत्ता देण्याआधी ओळख विचारा

अहमदाबादेत २६ जुलै २००८ रोजी साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईतील सानपाड्यात एका अमेरिकी नागरिकाच्या घरी पोहोचल्या. त्याच्या असुरक्षित वायफायचा कोणी तिऱ्हाइताने वापर केल्याचे पुढे आले. ऑगस्टमधील पुढचा ई-मेल माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या जाळ्यातून गेला होता. आयपी पत्ता खरा, माणूस मात्र भलताच!

जालन्यातील एखाद्या बियाणे कंपनीला, पोलाद कारखान्याला वा महाविद्यालयालाही हा धोका तितकाच लागू आहे. बाहेरच्या जगाला संस्थेचा बहुधा एकच पत्ता दिसतो. आत तो कोण वापरत होता, हे संस्थेलाच सांगावे लागते.

आतील पत्ते वाटण्याचे काम 'डीएचसीपी' ही व्यवस्था करते. जाळ्यात शिरलेला संगणक पत्त्यासाठी पुकारा करतो, सर्व्हर मोकळा पत्ता देऊ करतो, संगणक तो मागतो आणि सर्व्हर मंजुरी देतो. हा पत्ता मालकीचा नसून मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळतो. साध्या राउटरकडे जास्तीत जास्त २५४ पत्ते असतात. सकाळी दोनशे विद्यार्थी येऊन गेले आणि मुदत एक दिवसाची असली, की दुपारच्या तुकडीला पुरेसे पत्ते उरत नाहीत. 'नेट बंद' ही ओरड पुष्कळदा एवढ्यावरूनच होते. मुदत दोन तासांवर आणली की ती थांबते.

पत्ता नाकारला म्हणजे प्रवेश रोखला, हा समज मात्र भाबडा आहे. जाणकार माणूस हाताने पत्ता भरून आत शिरतो. यंत्राच्या मॅक क्रमांकांची यादी करावी, तर तो क्रमांक नकलता येतो. शिवाय अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक वायफायला निराळा, बनावट क्रमांक दाखवतात.

खरे फाटक '८०२.१एक्स' या पद्धतीचे. त्यात स्विच किंवा वायफायचे यंत्र आधी प्रत्येकाचे स्वतंत्र नाव आणि पासवर्ड तपासून घेते. तोवर पत्त्याचा पुकारा सर्व्हरपर्यंत जातच नाही. ओळख पटली, की कर्मचारी, विद्यार्थी आणि पाहुणे यांना वेगवेगळ्या कप्प्यांत आणि वेगवेगळ्या साठ्यांतून पत्ते मिळतात. कोणी घरचा राउटर आणून जोडला, तर तोही परस्पर पत्ते वाटू लागतो. त्यावर 'डीएचसीपी स्नूपिंग' हा उपाय आहे. तो चांगल्या स्विचमध्ये असतो, फक्त चालू करावा लागतो.

कोणाला, कोणता पत्ता, किती वाजता दिला, याची नोंद ठेवणे हे यातले सर्वांत दुर्लक्षित काम. 'सर्ट-इन'च्या २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि यंत्रांची घड्याळेही प्रमाण वेळेशी जुळवायची आहेत. दुपारी तीनला एकाकडे असलेला पत्ता सव्वातीनला दुसऱ्याकडे जाऊ शकतो. सर्व्हरचे घड्याळ वीस मिनिटे मागे असेल, तर पोलीस निरपराध्याचेच दार ठोठावतील.