शस्त्रक्रियेनंतर रक्त काय सांगते?

गाठ कापून काढली म्हणजे कर्करोग गेला, अशी आपली समजूत असते. खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या काही पेशी मागे राहिल्या असतील काय? असतील तर केमोथेरपी हवी. नसतील तर ते जहाल औषध सोसायचे कशासाठी? मी कलाशाखेचा विद्यार्थी. पण घरातच आजार आला, म्हणून हा विषय वाचावा लागला.

१९६५ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे गोल्ड आणि फ्रीडमन या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या गाठीत एक प्रथिन शोधले. त्यास ‘सीईए’ म्हणतात. पुष्कळ रुग्णांच्या रक्तात ते वाढलेले आढळते. गाठ पूर्ण निघाली तर चार ते सहा आठवड्यांत ते उतरावे. पुढे पुन्हा चढू लागले तर डॉक्टर सावध होऊन स्कॅन करवितात. मात्र बिडी ओढणाऱ्याचे सीईए मुळातच थोडे जास्त असते, यकृताच्या विकारातही ते वाढते. आणि काही गाठी ते रक्तात सोडतच नाहीत.

माझे मामा बोईसरला कंत्राटी कामगार आहेत. आपल्या भागातील अनेकांप्रमाणे त्यांनीही परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरली. दर तीन महिन्यांनी पहाटेची गाडी, दादरला उतरणे आणि एक खाडा. एका खेपेस आकडा ३.१ वरून ४.४ झाला आणि मामींच्या घशाखाली घास उतरेना. डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करविली; आकडा ३.२ आला. एका आकड्यावरून काही ठरत नाही, लागोपाठचे आकडे चढत आहेत काय हे पाहावे लागते.

आता याहून सूक्ष्म परीक्षा निघाली आहे. कर्कपेशींतील डीएनएचे तुकडे रक्तात शोधायचे. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या टप्प्यातील आतड्याच्या कर्करोगाच्या ४५५ रुग्णांवर हा प्रयोग झाला. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्त पाहून निर्णय घेतलेल्या गटात १५ टक्के रुग्णांनाच केमोथेरपी द्यावी लागली, नेहमीच्या पद्धतीत २८ टक्क्यांना. तरी दोन वर्षांनी रोग न उलटलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, ९३.५ आणि ९२.४ टक्के! केमोथेरपीतील एका औषधाने हातापायांना मुंग्या येतात, बधिरता येते. हाताच्या कामावर ज्याचे पोट आहे त्याला विचारा, ही सुटका केवढी!

पण ही परीक्षा सीईएपेक्षा फार महाग आहे. शिवाय मामांचा रोग लसिकाग्रंथींत पोहोचला होता, म्हणजे टप्पा तिसरा. दुसऱ्या टप्प्याचा हा निष्कर्ष त्यांना लागू नाही. त्यांनी केमोथेरपी पुरी घेतली. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.