खळं गेलं, नंदीवालाही गेला

भाताची झोडणी आटोपली की उरण तालुक्यातल्या गावांत नंदीबैलवाले यायचे. खळ्यावर रास पडलेली, घरधनिणीचा हात सैल, पेंढ्याला तोटा नाही. बापाबरोबर दहा-बारा वर्षांचं पोरगंही असे. बाप ढोलाच्या कातड्यावर वाकडी काठी घासून गुबुगुबु आवाज काढी, पोर बैलाची दोरी धरून पुढे चाले. सुपातलं भात झोळीत पडे आणि पेंढी बैलापुढे. माणूस आणि जनावर, दोघांचं पोट एकाच दारात भरे.

मग बंदर आलं. शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी 1984 मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच शेतकऱ्याला संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची वाट निघाली. 26 मे 1989 ला न्हावा शेवा बंदर सुरू झालं. भातशेतीच्या आणि मिठागरांच्या जागी कंटेनरची गोदामं उभी राहिली. शेतकऱ्याचं नाव निदान सात-बारावर होतं. खळ्यावर जगणाऱ्या नंदीवाल्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. त्याला साडेबारा टक्के कोण देणार?

हे लोक बहुतेक तिरमल नंदीवाले. घरात तेलुगू, दारात मराठी. सरकारदरबारी त्यांची नोंद भटक्या जमाती (ब) या गटात आहे. आंध्र-तेलंगणात संक्रांतीला ‘गंगिरेद्दू’ घेऊन फिरणारे, कर्नाटकातले ‘कोले बसव’वाले, तमिळनाडूतले ‘बूम बूम’ बैलवाले याच परंपरेतले. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या नंदीवाले, फासेपारधी आणि वैदू यांच्या शिकारीच्या पद्धतींवर 1983 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. एकाच मुलखात फिरणाऱ्या या जमातींनी शिकार जणू वाटून घेतली होती. पारधी फासे लावून हरणं धरी, नंदीवाला कुत्री घेऊन रानडुक्कर नि साळिंदराच्या मागे जाई. म्हणजे ढोल आणि झूल हा त्यांच्या जगण्याचा एक भाग होता. रान आटलं, शिकारीला बंदी आली, आणि सगळा भार एकट्या नंदीवर पडला.

त्या नंदीची तयारी सोपी नसते. शांत स्वभावाचा गोऱ्हा हेरायचा, कोवळ्या वयात वेसण घालायची, आणि त्याच्याबरोबर पोरालाही शिकवायचं. खालीवर मान म्हणजे होकार, आडवी हलली की नकार. बघणाऱ्याला वाटतं बैलाला प्रश्न कळला. खरं तर दोरीचा हलकासा झटका, मानेवरचा हात, ढोलाची बदललेली लय, यांवर तो चालतो. गर्दीचा डोळा पोराच्या हाताकडे जाऊ नये ही खरी कला. आणि सगळ्यांत अवघड खेळ शेवटी: माणूस जमिनीवर उताणा झोपतो आणि बैल आपला पाय त्याच्या छातीवर टेकवतो, भार न देता. एवढ्या वजनाच्या जनावरावर असा विश्वास बसायला दोघांनी एकत्र वाढावं लागतं. आपण मात्र ‘नंदीबैल’ हा शब्द नेभळट माणसाला हिणवायला वापरतो.

बैलाचे हाल होत नाहीत, असं मी म्हणणार नाही. तापलेल्या डांबरावरून, ट्रेलरच्या रांगांमधून त्याला फिरवणं हे क्रौर्यच आहे. पण कायद्याने काय केलं ते पाहा. 11 जुलै 2011 च्या केंद्रीय अधिसूचनेने खेळ करून दाखवण्यास बंदी असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश झाला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. त्यात बैलगाडा शर्यतीही थांबल्या, तेव्हा शर्यतवाले रस्त्यावर उतरले, आमदार त्यांच्यामागे उभे राहिले. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने तो बदल वैध ठरवला. रायगडच्या किनाऱ्यावर वाळूत पुन्हा गाडे धावू लागले. ही सवलत फक्त शर्यतींना आहे. मान डोलावणाऱ्या बैलाचा तीत उल्लेख नाही, कारण त्याच्या मालकाला कोणी विचारलंच नाही. भरीस भर 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. त्याच्या व्याख्येत गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ दाखवणं हे भीक मागण्याचेच बहाणे ठरतात.

अस्वलवाल्या कलंदरांच्या बाबतीत निराळी वाट निघाली होती. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने अस्वलं ताब्यात घेताना त्यांच्या मालकांना दुसऱ्या धंद्यासाठी मदत दिली, मुलांच्या शिक्षणाची सोय पाहिली. म्हणून रस्त्यावरची अस्वलं खरोखर थांबली. नुसत्या बंदीने ती थांबली नसती.

नंदीवाल्यासाठी असं काही का होऊ नये? बैल त्याच्याकडेच राहू द्यावा, त्याची पशुवैद्यकीय तपासणी आणि नोंद व्हावी, हमरस्त्यावर फिरवण्यास मनाई करून यात्रा-जत्रांत मानाने खेळ करू द्यावा. दोरी धरणाऱ्या पोराला निवासी शाळा मिळावी. शर्यतीसाठी कायदा बदलणाऱ्या विधानसभेला हे जड नाही. ज्या उरण-पनवेलच्या गावांनी विस्थापितांचं दुःख स्वतः भोगलं, त्यांनी ही मागणी आपल्या आमदारांपुढे ठेवावी.