गाडीतला वाटाड्या निवडताना

बचत गटाने मिळून माल नेण्यासाठी गाडी घ्यायची असो, की घरची पहिली गाडी असो. शोरूममध्ये गेलं की विक्रेता समोरच्या पडद्याकडे बोट दाखवतो. "ताई, यात नकाशा आहे, रस्ता गाडीच सांगते." त्या मॉडेलला पैसे जादा पडतात. ते द्यावेत का, हे कसं ठरवायचं ते आज पाहू.

आधी हे चालतं कसं? जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचा संदेश पाठवतात. गाडीतलं यंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकतं आणि ते पोचायला किती वेळ लागला, यावरून आपली जागा काढतं. आपल्या इस्रोनेही 'नाविक' ही व्यवस्था उभारली आहे. तिचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये सोडला गेला. जागा कळायला मोबाइलची रेंज लागत नाही, रिचार्जही लागत नाही. रेंज लागते ती नकाशा मागवायला.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: नकाशा गाडीतच साठवलेला आहे का? पुष्कळ गाड्यांत पडदा असतो, पण त्यावर दिसतो तो मोबाइलमधलाच नकाशा. मध्यरात्री बाळंतिणीला घेऊन निघालात, घाटात रेंज गेली आणि वाट चुकली, तर नवा रस्ता कोण सांगणार?

दुसरा प्रश्न: नकाशा नवा कसा करायचा आणि त्याचे पैसे किती? नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग २०२२ ते २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्याआधीच्या नकाशाला तो ठाऊकच नाही. गाडीत कंपनीचं सिमकार्ड असेल, तर ते किती वर्षं फुकट आणि पुढे वर्षाला किती, हे लिहून घ्या.

तिसरा: सूचना मराठीत किंवा समजेल अशा भाषेत मिळतात का? चालवणारीने रस्त्याकडे बघायचं, पडद्याकडे नाही.

चौथा: पडद्यावर अक्षांश-रेखांश दिसतात का? आडरानात गाडी बंद पडली, तर मदतीला येणाऱ्यांना हे दोन आकडे फोनवर सांगता येतात.

आता परीक्षा. चाचणीच्या फेरीला जाताना आपला फोन बंद ठेवा आणि पडद्यावर शहराचं नाही, आपल्या वाडीचं नाव घाला. सापडली तर बरं. नुसतं तालुक्यापर्यंत नेऊन सोडत असेल, तर जादा पैसे कशाला?

स्वस्त मार्गही आहे. फोनचा स्टँड बसवा आणि रेंज असतानाच आपल्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. फोनला जीपीएस असतंच. गटाच्या गाडीला बहुतेक वेळा एवढं पुरतं. ज्यांना रोज अनोळखी गावी, रेंज नसलेल्या भागात जावं लागतं, त्यांनी गाडीतल्या यंत्राचा विचार करावा.

एक लक्षात ठेवा. बोगद्यात उपग्रहाचा संदेश पोचत नाही. आणि पावसात ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहतंय, हे नकाशाला कळत नाही. तिथे गाडी थांबवून गावातल्या माणसालाच विचारायचं.