सुट्टीतलं कॉलेज : घ्यावं की न घ्यावं?

परीक्षा आटोपल्या, की सातारा-सांगलीकडच्या घरांत हल्ली एक प्रश्न निघतो. मुलाने सुट्टीत कॉलेजचा एखादा विषय घ्यावा, की घरकामाला हातभार लावावा? तुमच्या गावातलं पोर सल्ला विचारायला आलं, तर तुम्ही काय सांगाल?

प्रथम नियम पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीची नवी चौकट आखून दिली. तीत उन्हाळ्यात आठ आठवड्यांचं सत्र ठेवण्याची सोय आहे. राहिलेला विषय सोडवावा, जादा विषय घ्यावा किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा. मात्र कोणते विषय शिकवायचे, हे कॉलेज ठरवतं. तेव्हा आधी कॉलेजात चौकशी करावी, मग बेत.

आता वेळेचा हिशेब. श्रेयांक हे शिक्षणाचं माप. व्याख्यानाच्या विषयात १ श्रेयांकाला १५ तास धरतात. ४ श्रेयांकांच्या विषयाला ६० तास झाले. एरवी ते १५ आठवड्यांत पसरतात, म्हणजे आठवड्याला ४ तास. सुट्टीत तेच ८ आठवड्यांत बसवले, तर आठवड्याला साडेसात तास पडतात. घरचा अभ्यास आणि एस.टी.चा प्रवास वेगळाच. पाणी एकदम सोडलं तर वरून वाहून जातं, मुळाशी मुरत नाही. कच्च्या राहिलेल्या गणिताचंही तसंच आहे.

आणि घरचा हिशेब? तासगावकडे बेदाण्याचं काम, मग मे महिन्यात पावसाआधीची मशागत. ती मजुरी पुढच्या वर्षाची फी भरणार असेल, तर मुलगा सुट्टी वाया घालवतो असं कोण म्हणेल? कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 'कमवा आणि शिका' हाच मार्ग घालून दिला. श्रम आणि शिक्षण ही एकमेकांची वैरी नव्हेत.

पण एका ठिकाणी सावध राहा. एखाद्या मुलीला पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडावं लागत असेल, तर वर्षाच्या श्रेयांकांखेरीज सुट्टीत ४ श्रेयांकांचा व्यवसायविषय पुरा केल्यावरच तिला प्रमाणपत्र मिळतं. आयोगाच्या चौकटीप्रमाणे पुढे तीन वर्षांच्या आत तिला परत प्रवेश घेता येतो. तिची ही सुट्टी मात्र शेतात घालवू नका. वर्षाची मेहनत कागदावर येते, ती या आठ आठवड्यांमुळे.

गुरुजी, सल्ला देताना तीन गोष्टी विचारा. या विषयावाचून पुढचं अडतं का? आठवड्याचे तास खरोखर निघतात का? फी आणि बुडालेली मजुरी घराला झेपते का? पहिल्याचं उत्तर 'होय' आलं, तर उरलेल्या दोहोंसाठी घरच्यांनी वाट काढावी. 'नाही' आलं, तर पोराला निर्धास्तपणे रानात जाऊ द्या.