धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर?

गोरेगावहून पवईकडे जाणारा रस्ता आरे कॉलनीतून जातो. समजा, रात्री तिथल्या एखाद्या पाड्यावरचा माणूस रस्ता ओलांडतोय. गाडी धडक देऊन निघून जाते, नंबर कुणीच पाहिलेला नाही. आता पैसे कोणाच्या विम्यातून?

अमेरिकी पेपर वाचून आलेले आपण इथे हमखास चुकतो. तिथल्या बऱ्याच राज्यांत स्वतःच्याच पॉलिसीत 'समोरच्याचा विमा नसेल तर' असा वेगळा भाग असतो. आपली थर्ड पार्टी पॉलिसी मात्र आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी असते. मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरता. दवाखान्याचं बिल त्यात येत नाही. पायी चालणाऱ्याकडे तर यातलं काहीच नसतं.

म्हणून दोन वाटा नीट वेगळ्या करा.

गाडी सापडली, पण विमा नाही: मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं. भरपाई कमाई, वय बघून ठरते, पण ती मालक-चालकाने द्यायची. त्याच्याकडे काही नसेल तर निकाल कागदावरच राहतो.

गाडी सापडलीच नाही: मोटार वाहन कायद्याचं कलम 161. 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूसाठी 2 लाख, गंभीर दुखापतीसाठी 50 हजार. आधी हेच 25 हजार आणि साडेबारा हजार होतं. अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची, पैसे जनरल इन्शुरन्स कौन्सिलकडून.

मग लोक अर्ज करतात का? सर्वोच्च न्यायालयाच्या 12 जानेवारी 2024 च्या आदेशात आकडे आहेत: 2022 मध्ये देशात 67,387 हिट अँड रन अपघात, तर 2022-23 मध्ये दावे फक्त 205. यांचा सरळ भागाकार करू नका. एक कॅलेंडर वर्ष, दुसरं आर्थिक. शिवाय किरकोळ दुखापतीला ही भरपाई नाही. तरी दरी प्रचंड आहे. म्हणूनच न्यायालयाने सांगितलं, की महिनाभरात गाडी सापडली नाही तर पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी.

तुमचा संशोधनप्रश्न इथेच आहे. 'रक्कम पुरेशी आहे का' याआधी विचारा: दावा नेमका कुठे गळतो? एफआयआरपाशी, त्या लेखी सूचनेपाशी, की तहसील कचेरीच्या दारात? आरेतल्या त्या माणसाला ते पत्र मिळालं का, इथून सुरुवात करा.