धुके बर्फ खाते!

बर्फ म्हटला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हिंदी चित्रपटातला बर्फ येतो. कापसासारखा भुरभुरता, शुभ्र, आणि त्यावर शिफॉनची साडी नेसून बागडणारी नायिका! तिला थंडी कशी वाजत नाही, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. पण ते असो. काही वर्षांपूर्वी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी, आमचे यजमान आणि कॉलेजात जाणारी कन्या असे तिघे गुलमर्गला पोचलो. टॅक्सीतून उतरून पहिले पाऊल टाकले ते घोट्यापर्यंत आत गेले आणि बुटात पाणी शिरले. यजमान म्हणाले, "अगं, हा तर चौपाटीवरचा गोळ्याचा बर्फ! वर काला खट्टा तेवढा घालायचा राहिलाय."

थट्टेचा भाग सोडला तर निरीक्षण चुकीचे नव्हते. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंच. १९२७ साली ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी येथे स्की क्लब काढला, तेव्हापासून हे ठिकाण या खेळाचे झाले. भर हिवाळ्यात येथे पिठासारखा कोरडा बर्फ पडतो आणि त्यासाठी परदेशांतून लोक येतात. आपली मराठी मंडळी मात्र बहुधा मार्च-एप्रिलात जातात. श्रीनगरची ट्यूलिपची बाग पाहायची आणि जाता जाता गुलमर्ग उरकायचे. तेव्हा आपल्या वाट्याला येतो तो वसंतातला बर्फ, आणि त्याची जात अगदी निराळी.

स्कीइंग शिकवायला आम्हांला साठीच्या घरातले एक काश्मिरी गृहस्थ मिळाले. कन्या त्यांना 'उस्तादजी' म्हणू लागली, मग आम्हीही तेच नाव उचलले. त्यांनी पहिल्याच दिवशी उजाडता उजाडता बोलावले, तेव्हा यजमानांनी बरीच कुरकूर केली. पण उस्तादजींचा दिवस घड्याळावर चालत नसे, आदल्या रात्रीवर चाले. खोलीबाहेर आले की ते प्रथम विचारीत, "रात्री तारे दिसले होते का?"

या प्रश्नाचे मर्म मला दोन दिवसांनी उमगले. आपल्याकडे निरभ्र रात्री दव पडते, ढगाळ रात्री पडत नाही, हे आपण पाहतोच. आकाश मोकळे असले की जमिनीची ऊब वर निघून जाते. ढग असले की जणू गोधडी पांघरल्यासारखी ती अडते. बर्फाचेही तसेच. दिवसा उन्हाने ओला झालेला बर्फ चांदण्या रात्री पुन्हा गोठतो. रोज वितळणे, रोज गोठणे, असे काही दिवस चालले की हिमकणांची नक्षी जाऊन भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोल दाणे बनतात. सकाळी वरचा पापुद्रा उन्हाने जरासा सैल झाला की त्या दाण्यांवरून स्की अशी काही सुळकन जाते की माझ्यासारख्या स्थूल प्राध्यापिकेलाही आपण हंस असल्याचा भास व्हावा. हे सुख तास-दोन तासांचे. पुढे ऊन चढते आणि हंसाची म्हैस होते.

कारण पाणी. स्की घसरते ती तळाशी असलेल्या पाण्याच्या अतिशय पातळ थरावर. पण पाणी जास्त झाले की तेच तिला धरून ठेवते. ओल्या दोन काचा एकमेकींना कशा चिकटतात, तसे. म्हणून उस्तादजी दुपारी तळाला मऊ मेण लावीत. कडक थंडीचे मेण कठीण, ओल्या बर्फाचे मऊ. तेवढे करूनही स्की मधेच अडखळे आणि आम्ही पुढच्या पुढे लोटांगण घालीत असू!

तिसऱ्या रात्री तारे दिसले नाहीत. सकाळी खिडकी उघडली तर बाहेर काहीच नव्हते. झाडे नाहीत, रस्ता नाही. नुसते पांढरे, कोंदट धुके. हवा मात्र उबदार. मला वाटले, ऊन नाही, तेव्हा आज बर्फ टिकेल. उस्तादजींनी मान हलवली. "मॅडम, धुके बर्फ खाते."

ही कविकल्पना नव्हे. बर्फाच्या पाण्याने भरलेला पेला बाहेरून ओला होतो, तसेच दमट, उबदार हवेतले बाष्प गार बर्फावर निवून पाणी होते. निवताना ते आपली उष्णता बर्फाला देऊन टाकते. एक ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे ६०० कॅलरी उष्णता सुटते, आणि एक ग्रॅम बर्फ वितळायला लागतात ८०. म्हणजे एका ग्रॅमपायी साडेसात ग्रॅम बर्फ जाणार! आणि तेही रात्रंदिवस, गाजावाजा न करता.

तरी कन्येच्या हट्टाखातर आम्ही खालच्या उतारावर गेलो. उस्तादजींनी बजावले होते : झाडांच्या कडेने चला, एकमेकांना दिसत राहा. धुक्यात सावली पडत नाही, त्यामुळे चढ कुठे, खड्डा कुठे, आकाश कुठे संपते, काही कळत नाही. काळे खोड तेवढे डोळ्यांना आधार देते. पाचसात वळणे झाली आणि कन्या दिसेनाशी झाली.

मी हाक मारली. उत्तर नाही. धुक्यात आवाज कोणत्या दिशेने येतो हेही मला समजेना. यजमान उताराकडे निघाले, तसा उस्तादजींनी त्यांचा दंड धरला. "साहेब, तुम्ही इथेच." ते एकटे गेले, काठी पुढे टोचत टोचत. दहा मिनिटे झाली असतील. मला ती फार मोठी गेली.

ती सापडली तीस-चाळीस पावलांवर, बसलेली. "आई, मी थांबले होते गं," ती म्हणाली, "पण मला वाटत होतं, अजून घसरतेच आहे. म्हणून तोल सावरायला गेले नि पडले." डोळ्यांना टेकायला काहीच नसले की असे होते म्हणे. तिच्यापुढे आठ हातांवर ओढ्याने पोखरलेला बर्फ होता. वरून अखंड, खाली पोकळ. उस्तादजींनी काठी मारून तो आम्हांला दाखवला. यजमान त्या दिवशी पुन्हा विनोद करायच्या फंदात पडले नाहीत.

दुपारी धुके जरा विरळ झाले. गोंडोलाने वर कोंगडोरीला जाऊ या, असे कन्याच पुन्हा म्हणाली. (तरुणपण!) उस्तादजींनी बोट दाखवले. कडेच्या उतारावर बर्फाचे लहान लहान गोळे आपोआप सुटून चाकांसारखे गडगडत येत होते आणि मागे रेघा सोडीत होते. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला शंभर किलो किंवा त्याहूनही कमी; हा पाणी प्यालेला चारशे-पाचशे किलो. रात्री गोठला नाही की कणांची पकड सुटते आणि सगळा थर सरकतो. त्याचा वेग कोरड्या लोटाहून कमी असतो, पण थांबला की सिमेंटसारखा बसतो. त्याखालून हातही हलवता येत नाही. "आज वर जायचे नाही," ते म्हणाले. त्या दिवसाचे पैसेही त्यांनी घेतले नाहीत.

पुढच्या पहाटे मला यजमानांनीच उठवले. ते खिडकीशी उभे होते. रात्री केव्हातरी आभाळ उघडले होते आणि अफरवटच्या माथ्यावर दोन तारे अजून रेंगाळत होते. आम्ही बाहेर आलो तेव्हा उस्तादजी फेरनमध्ये कांगडी धरून दारात बसले होते. या खेपेस त्यांनी काही विचारले नाही. उठून काठीचे टोक बर्फावर आपटले. खणखणीत आवाज आला.

"चला," ते म्हणाले.